विनामोबदला

ज्या दिवशी बातमी आली, त्या दिवशी तो नोंदणी कचेरीच्या व्हरांड्यात एका म्हाताऱ्या बाईला तिचंच बक्षीसपत्र वाचून दाखवत होता. अकरा पानं होती. बाईला कमी ऐकू येत होतं, त्यामुळे घसा ताणून वाचावं लागत होतं. तो सातव्या पानावर, घराच्या चतुःसीमेपाशी आला, पूर्वेला गल्ली, पश्चिमेला शेजाऱ्याची भिंत, आणि खिशातला फोन थरथरायला लागला. त्याने हात लावला नाही. दस्त वाचताना मध्ये थांबायचं नाही, आणि थांबलंच तर पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायची. ज्या बुजुर्ग दस्तलेखकाने त्याला हे काम शिकवलं त्याचा हा नियम होता. वाचन तुटलं की ऐकणाऱ्याचं मन दुसरीकडे जातं, आणि मग माणूस अर्ध्याच दस्तावर सही करतो, असं तो म्हणायचा. चौतीस वर्षं याने तो नियम पाळला होता. पाऊस आत आला तरी, गिऱ्हाईक शिंकलं तरी, शेजारच्या टेबलावर दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर गेले तरी. फोन थांबला, पुन्हा सुरू झाला. पाच वेळा. अकरावं पान संपलं, बाईने अंगठा उठवला, शाई पुसायला त्याने चिंधी पुढे केली. ती चिंधी घेता घेता बाई म्हणाली, ''तुमचा खिसा केव्हाचा थरथरतोय हो. घरून असेल.''

घरून नव्हता. बायकोच्या बाइंडिंगच्या खोलीतून होता. तिथे वीस वर्षं बायकोच्या हाताखाली काम करणारी बाई बोलत होती. तिला सगळे खळ म्हणायचे, कारण पुस्तकं चिकटवायची खळ शिजवावी ती तिनेच, दुसऱ्या कुणाच्या हाताला तिची गुठळी चुकायची नाही. खळ म्हणाली, ''भाऊजी, ताई पडल्या.'' तो म्हणाला, ''पडल्या म्हणजे? कुठे लागलं का?'' मग ती म्हणाली, ''पडल्या आणि उठल्या नाहीत.''

डॉक्टर नंतर म्हणाले की पहिल्याच फोनला तुम्ही निघाला असतात तरी काही फरक पडला नसता, जाग्यावरच झालं होतं. लोकांना वाटलं, हे ऐकून त्याला बरं वाटेल. त्याला राग आला. फरक पडला असता की नसता हे ठरवणारा हा कोण? पाच फोन आले, त्यातला एक तरी उचलायला हवा होता, एवढं साधं होतं ते. त्यातून सुटका करून द्यायला कुणी सांगितलं होतं? पण डॉक्टरला काय बोलणार. तो ''बरं'' म्हणाला. त्या दिवसांत तो सगळ्यांना ''बरं'' म्हणत होता. मुलगी दुसऱ्या शहरातून आली, दहा दिवस राहिली, फ्रिजवर औषधांच्या वेळा लिहून गेली. तिलाही तो ''बरं'' म्हणाला.

मुलगी गेल्यावर त्याने टेबलाचा खालचा खण उघडला. आत काय आहे हे त्याला माहीत होतं. तीन पानं, एका टाचणीने जोडलेली. तिसऱ्या पानावर डावीकडे बायकोची सही, शाळेतल्यासारखी, प्रत्येक अक्षर सुटं. उजवीकडे साक्षीदार क्रमांक एक, खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमन, त्यांची लांबलचक सही. साक्षीदार क्रमांक दोन, तिथे एक रेघ आणि रेघेवर काही नाही. सगळ्यात खाली, लिहिणार, आणि त्याच्यापुढे त्याची स्वतःची सही. पाच महिन्यांपूर्वीची तारीख. बायकोने तिची बाइंडिंगची खोली खळला बक्षीस दिल्याचा हा दस्त. खोली बायकोच्या वडिलांकडून तिच्याकडे आलेली, तिच्या एकटीच्या नावाची. कुणीही दस्तलेखक हे पान बघून सांगेल की याला दस्त म्हणत नाहीत, हा कागद आहे. त्यानेही किती जणांना सांगितलं होतं. लोक वडिलांच्या पेटीतून असले कागद काढून आणायचे, छातीशी धरून, आणि तो चष्मा वर करून म्हणायचा, ''काका, याचं काही होत नाही. वडिलांनी एक पायरी सोडली.'' मग काकांचं तोंड पडायचं आणि हा पुढच्या माणसाला बोलवायचा.

पहिल्यांदा तिने हा विषय काढला तेव्हा ती भांडी पुसत होती. म्हणाली, ''अहो, खोली तिच्या नावावर करून टाकू या. माझे गुडघे आता बसू देत नाहीत. ती चालवील.'' तो म्हणाला, ''आणि ती काय देणार?'' ''कोण?'' ''तुझी खळ. खोलीच्या बदल्यात काय देणार?'' बायको हसायला लागली. ''ती काय देणार? मी देतेय की.'' याने तिला समजावून सांगितलं. हे त्याचं कामच होतं, व्हरांड्यात रोज दहा जणांना सांगायचा, पण घरी सांगताना का कोण जाणे त्याचा आवाज चढायचा. म्हणाला, जगात दोन तऱ्हा असतात. एक करार. मी हे करीन, तू ते कर. तू दिलंस तर मी देणार, नाही दिलंस तर माझ्यावर बंधन नाही. दोन्हीकडून काहीतरी यायला हवं, त्याला मोबदला म्हणतात. मोबदल्याशिवाय करार म्हणजे तोंडाची वाफ. दुसरा हा दस्त, एकतर्फी. समोरच्याकडून काही येत नाही. मग त्याला धरून काय ठेवतं? रीत. लिहून हवं, सही हवी, सही करताना बघणारे दोन साक्षीदार हवेत, तो कागद ज्याचा त्याच्या हातात पडायला हवा आणि कचेरीत त्याची नोंद हवी. यातलं एक जरी चुकलं तरी सगळं गेलं. कराराला मोबदला सांभाळतो. इथे सांभाळायला कोणी नसतं, म्हणून रीत कडक. ''म्हणून म्हणतो,'' तो म्हणाला, ''करारच करू. तिने खोली घ्यावी आणि आपल्या म्हातारपणी आपलं बघावं. सहा कलमं घालतो. तिलाही बरं, आपल्यालाही बरं.''

बायकोने ताट फडताळात ठेवलं. ''म्हणजे मी आजारी पडले आणि ती आली, तर मला कसं कळायचं ती आपणहून आली की कलमासाठी आली?'' तो म्हणाला, ''आल्याशी कारण.'' ती म्हणाली, ''तुम्हाला असेल.''

त्यावर तो रुसला. हे त्याला आता स्पष्ट दिसत होतं, तेव्हा तो त्याला व्यवहार म्हणत होता. त्याने करारच टाइप केला, सहा कलमं घालून, आणि तिच्यापुढे ठेवला. तिने तो शेवटपर्यंत वाचला, घडी घातली, म्हणाली, ''छान लिहिलाय. आता दुसरा लिहा.'' बाइंडिंगवाल्या माणसाला कागद फाडवत नाही. तिने तो करार एका रजिस्टरच्या पुठ्ठ्यात अस्तर म्हणून लावून टाकला, आणि जेवताना ते सांगून मनापासून हसली. त्यालाही हसू आलं होतं, पण त्याने ते दाखवलं नाही. आता त्याला वाटायचं, दाखवायला काय हरकत होती. चाळीस वर्षांत आपण किती हसू असं तोंडातच ठेवलं असेल. आणि हेही खरं की तेव्हा त्याला खोलीचं फार वाटत नव्हतं. खटकत होतं ते दुसरंच. त्याला तिने कधी असं काही दिलं होतं का? तो पैसे आणायचा, ती घर बघायची. तो आजारी पडला की ती जागायची, ती आजारी पडली की तो डबा आणायचा. फिटंफाट. निदान तो तरी तसं धरून चालला होता. आणि ही बाई तिकडे वीस वर्षं खळ शिजवते म्हणून तिला आख्खी खोली, काही न मागता. त्याला ते समजत नव्हतं, आणि जे समजत नाही त्याच्यावर चिडायचं ही त्याची जुनी सवय.

शेवटी त्याने दस्त लिहिला. मजकूर ठरलेला असतो, ''कोणताही मोबदला न घेता, केवळ प्रेम व आपुलकीपोटी.'' हजार वेळा टाइप केलेली ओळ. एका रविवारी सकाळी पोस्टमन वर आले, चहा झाला, त्याने तीन पानं मोठ्याने वाचून दाखवली. बायको हात मांडीवर ठेवून ऐकत होती, गिऱ्हाइकासारखी. तिने सही केली. पोस्टमननी केली, म्हणाले, ''जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या घेतल्या, आज कुणीतरी माझी मागितली.'' याने खाली लिहिणार म्हणून केली. मग बायको म्हणाली, ''दुसरा साक्षीदार कोण?'' ''बघू. कचेरीतून आणू कुणाला तरी.'' ''तुम्ही नाही का चालणार? तुम्ही बघितलंत ना मला सही करताना?'' ''लिहिणाऱ्याने साक्ष द्यायची नसते,'' तो म्हणाला. हाही त्या बुजुर्गाचाच नियम. ज्याने लिहिलं त्याने लिहिणार म्हणूनच सही करायची, दोन टोप्या घालायच्या नाहीत. ''बरं,'' बायको म्हणाली, ''मग तुम्ही आणा कुणाला तरी, त्याच्यापुढे मी पुन्हा सांगेन की ही माझीच सही. पुरं झालं की मी माझ्या हाताने तिला देईन. आधी सांगायचं नाही तिला. नको नको म्हणून रडत बसेल.''

साक्षीदार. नोंदणी कचेरीच्या व्हरांड्यात साक्षीदाराला तोटा नाही. बाकावर बसलेले असतात, ओळखपत्र शर्टाच्या खिशात तयार. रस्त्यावरून आलेल्या परक्या माणसाला तो पाच मिनिटांत दोन साक्षीदार उभे करून द्यायचा. त्यातला एखादा चहा पिऊन घरी येऊन सही करून गेला असता. पाच महिने. बायको दर आठवड्याला विचारायची. आधी ''आणलंत का कुणाला?'' मग नुसतं ''अहो, ते?'' मग फक्त खणाकडे बघायची. तो म्हणायचा, ''पुढच्या आठवड्यात.'' कचेरीत गर्दी आहे. पाठ दुखतेय. शनिवारी नक्की. एकदा ती म्हणाली, ''तुम्हाला द्यायचं नसेल तर तसं सांगा.'' तो म्हणाला, ''माझं काय त्यात? खोली तुझी.'' हे बोलताना आपला आवाज कसा होता ते त्याला आता सारखं ऐकू येत होतं. दाढी करताना, नळाखाली कप धरलेला असताना. तो नळ बंद करायचा, तरी ऐकू यायचं.

त्याने कागद वकीलबाईंकडे नेला. कचेरीसमोरच्या इमारतीत त्यांची खोली, जिन्यात ओल. वर्षानुवर्षं त्या त्याच्याकडे गिऱ्हाइकं पाठवायच्या आणि त्याला नुसतं ''लेखक'' म्हणायच्या. त्यांनी तीन पानं वाचली, चष्मा काढला. म्हणाल्या, ''लेखक, तुमच्याकडून हे?'' त्यांनी तिसरं पान त्याच्यापुढे सरकवलं. ''एकच साक्षीदार. आणि ज्यांना द्यायचं त्यांच्या हातात कागद गेलाच नाही. त्यांना माहीत तरी आहे?'' ''नाही.'' ''सही झाली तेव्हा खोलीत आणखी कोण होतं?'' ''मी होतो.'' ''मग तुम्ही का नाही केलीत साक्षीदार म्हणून?'' तो म्हणाला, ''मी लिहिणार. लिहिणाऱ्याने साक्ष द्यायची नसते.'' ''कुणी सांगितलं?'' ''आमच्या म्हाताऱ्याने.'' ''अहो, चाललं असतं की. साक्षीदार म्हणून वेगळी सही केली असतीत तर कुणी हरकत घेतली नसती. निदान ती अडचण तरी राहिली नसती. आणि मग त्याच दिवशी ताईंनी कागद तिच्या हातात दिला असता. नोंद मागाहून झाली असती.''

तो जिना उतरला. खाली व्हरांड्यात त्याच्या टेबलावर माणसं थांबली होती, तो त्यांच्या मधून चालत निघून गेला. चौतीस वर्षं. म्हाताऱ्याने कधीतरी कुठल्यातरी भानगडीत हात पोळले असतील, म्हणून हा नियम केला असेल, आणि याने तो कायदा समजून पाळला. कुणाला विचारलं नाही. पुस्तकात बघितलं नाही. पुस्तकं तर बायको बांधायची, कायद्याचीसुद्धा. ते नेमकं पुस्तक तिच्या हातातून कितीदा गेलं असेल आणि याने कितीदा ते उचलून बाजूला ठेवून तिथे आपला चहा ठेवला असेल.

घरी येऊन तो खुर्चीत बसला, कागद समोर, पेन तेच. रेघ रिकामी होती. त्याने सही केली तर ती खोटी कशी? त्याने बघितलं होतं. तिचा हात दुसऱ्या अक्षरावर थोडा थांबला होता, पेनाची शाई उतरत नव्हती म्हणून तिने ते झटकलं होतं, एक थेंब टेबलक्लॉथवर पडला होता. एवढं तर बाकावरच्या कुठल्याही साक्षीदाराला सांगता आलं नसतं. तरी आता तिथे सही केली तर ती लबाडी ठरणार होती, कारण वरची तारीख पाच महिन्यांपूर्वीची. आणि कागद त्याने आधीच वकीलबाईंना दाखवला होता. रिकामी रेघ त्यांनी बघितली होती. प्रामाणिकपणाने नाही, बावळटपणाने तो वाट बंद करून बसला होता. त्याने पेन टेबलावर आपटलं. नंतर उचललं, टोक वाकलं का बघितलं, आणि त्याबद्दलही त्याला स्वतःचा राग आला.

वकीलबाईंनी दुसरा रस्ता सांगितला होता. खोली आता त्याची आणि मुलीची. दोघांनी मिळून नवा दस्त करायचा, खळच्या नावे. दोन सह्या, दोन साक्षीदार, नोंदणी, काम संपलं. त्याने मुलीला फोन केला. मुलगी नीट ऐकून घेणारी आहे, तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, ''बाबा, पण त्या काय देणार?'' त्याला वाटलं, फोनमधून आपलाच आवाज परत येतोय. ''काही नाही. बक्षीस आहे,'' तो म्हणाला. ''आईने पाच महिन्यांपूर्वी सही केली होती ना?'' ''हो.'' ''आणि मग पुढे काही केलं नाही?'' ''नाही.'' ''तुम्ही रोज त्या कचेरीत असता. आईला खरंच द्यायचं असतं तर पाच महिन्यांत झालं नसतं का? तिचा विचार बदलला असणार, बाबा. तिला स्वतःला सांगवलं नसेल, म्हणून तसंच ठेवलं असेल. मी तिच्या मनाविरुद्ध कसं करू?'' पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती थांबली होती, तो काहीतरी म्हणेल म्हणून. तो म्हणाला, ''असेल.''

असेल. एवढाच शब्द. बायको गेल्यावर तिच्याबद्दल तो पहिल्यांदाच खोटं बोलला, आणि तेही इतकं लहान. मुलगी आईची बाजू घेत होती. तिला वाटत होतं, आपण आईचं मन राखतोय. नको म्हणणारी मुलगी नव्हती, हा होता. पाच महिने हाच होता, आणि अजूनही हाच.

तीन आठवड्यांनी खळ घरी आली. दारातच उभी राहिली, चपला न काढता. ''भाऊजी, हातातली सगळी कामं पुरी केली. शाळेची रजिस्टरं पोचवली. ही किल्ली.'' ''आत ये.'' ''नको, पुढच्या गल्लीत एका छापखान्यात विचारलंय, त्यांना माणूस हवंय. तिथे जाते.'' ''छापखान्यात?'' ''घड्या घालायचं काम आहे. काय करू, घरी बसून भिंतीला खळ लावू?'' ती हसली, मग ओठ मिटून घेतले. तिच्या नखांत अजून पांढरं होतं. त्याने किल्ली घेतली नाही. म्हणाला, ''ती खोली तुला द्यायची होती तिला.'' ''कुणाला?'' ''ताईला. तुला. बक्षीस. कागद केला होता आम्ही. सही पण केली तिने.'' खळ दारावर हात ठेवून उभी राहिली. ''मला कशाला? मी काय केलंय?'' ''तेच. काही न करता द्यायची होती.'' ''मग?'' ''एक साक्षीदार कमी पडला.''

तिला कायदा येत नव्हता, पण वीस वर्षं ती दुपारचा डबा घेऊन बायकोबरोबर त्या व्हरांड्यात येत होती, बाकावर बसून साक्षीदारांच्या गमती बघत होती. ''भाऊजी,'' ती हळू म्हणाली, ''तुमच्या कचेरीत तर चहावर माणूस साक्षीदार होतो.'' तो म्हणाला, ''हो.'' ''मग कमी कसा पडला?'' त्याला वाटलं आता सांगावं. तोंड उघडलं. म्हणाला, ''राहून गेलं.'' खळने मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने किल्ली चपलांच्या फळीवर ठेवली. ''खोलीचं जाऊ द्या. ताईंनी मला एवढं धरलं होतं, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं ना. तेवढं झालं असतं तरी मला चाललं असतं,'' ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली. खाली पोस्टमन भेटले असावेत, त्यांचा ''काय गं, कामं पुरी झाली का?'' असा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी त्याने व्हरांड्यात स्वतःच्या टेबलावर नवा दस्त टाइप केला. लिहून देणार क्रमांक एक, तो. लिहून देणार क्रमांक दोन, मुलगी. चतुःसीमा, क्षेत्रफळ, सगळं पाठ होतं. ''केवळ प्रेम व आपुलकीपोटी'' इथे त्याची बोटं थांबली. प्रेम कुणाचं? त्याचं या बाईवर कसलं प्रेम. वीस वर्षांत तिच्याशी धड दहा वाक्यं बोलला नसेल. प्रेम जिचं होतं तिला आता लिहून देता येत नव्हतं, आणि ज्याला लिहून देता येत होतं त्याने अडवून ठेवलं होतं. शेजारच्या टेबलावरचा दस्तलेखक म्हणाला, ''काय लेखक, अडलं का कुठे? ठरलेलाच मजकूर आहे ना?'' तो म्हणाला, ''ठरलेलाच आहे,'' आणि ओळ पुरी केली. मग त्याने दस्त मोठ्याने वाचला, समोर कुणी नसताना, पहिल्या पानापासून. तिसऱ्या पानावर एक माणूस येऊन विचारायला लागला की भाडेपट्ट्याला काय काय लागतं. त्याने वाचन थांबवलं, माणसाला सगळं सांगितलं, ओळखपत्राची प्रत आणा म्हणाला, आणि जिथे थांबला होता तिथूनच पुढे वाचलं. बाकावरच्या दोघांना त्याने सांगून ठेवलं. त्याने आपली सही केली, त्यांनी बघितली, त्यांनी आपापल्या केल्या. खालच्या जागी आता कुणीतरी दुसऱ्याने लिहिणार म्हणून सही केली तरी चाललं असतं, पण ती त्याने स्वतःच केली.

रविवारी मुलीचा फोन आला. तिने औषधांचं विचारलं, जिन्यातल्या दिव्याचं विचारलं, रात्री झोप लागते का विचारलं. तो सगळ्याची उत्तरं देत होता. शेवटी तीच म्हणाली, ''आणि त्या खोलीचं काय ठरवलंत, बाबा?'' तो म्हणाला, ''दस्त तयार आहे. तुझी सही हवी.'' ती म्हणाली, ''बोललो ना आपण. आईलाच नको होतं, तर...'' तो म्हणाला, ''बघू.'' तिने फोन ठेवला.

दस्तावर पाचातल्या चार सह्या झाल्या आहेत. खळ छापखान्यात घड्या घालते. आई थांबली नव्हती, बापाने थांबवलं होतं, हे मुलीला सांगायचं अजून राहिलं आहे.